रिसीव्हरचे वस्त्रहरण

होम थिएटरचा रिसीव्हर चालता चालता आपोआप बंद पडू लागला, की घरात आधी निकाल लागतो आणि चौकशी मागाहून सुरू होते. निकाल ठरलेला असतो: डबा बिघडला, कंपनी फसवी, आणि हे मॉडेल घेऊ नका असे घरातले कोणीतरी तेव्हाच म्हणत होते. रायपूरच्या पंडरीत राहणाऱ्या गृहस्थाने हा क्रम उलटा करावा, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन. आमचा सिद्धांत असा, की या वस्तीतला रिसीव्हर बहुधा कापडामुळे बंद पडतो. महालक्ष्मी क्लॉथ मार्केट हाकेच्या अंतरावर असताना घरातली एखादी वस्तू उघडी राहणे अवघडच. ठोक भावात आणलेल्या ताग्यांचे शेपूट, पडदे शिवून उरलेला तुकडा, भाव पाडून घेतलेला कटपीस, या सगळ्यांना सद्गती द्यावी लागते. ती आधी फ्रिजच्या डोक्यावर मिळते, मग मिक्सरवर, मग वॉशिंग मशीनवर आणि शेवटी शोकेसमधल्या त्या काळ्या डब्यावर. तात्यापाऱ्यातल्या किंवा चौबे कॉलनीतल्या मराठी घरांतही हे वळण आहे, पण तिथल्या माणसाला कापडासाठी निदान घराबाहेर पडून थोडे लांब यावे लागते.

कापडाने यंत्र बंद कसे पडेल, हे समजण्यासाठी रिसीव्हरला काही काळ गाण्याचे यंत्र मानायचे सोडून द्यावे आणि शेगडी मानावे. त्यातला अँप्लिफायर बहुतेक वेळा ए-बी वर्गाचा असतो. असा अँप्लिफायर भिंतीतून घेतलेल्या विजेचा मोठा भाग आवाजाऐवजी उष्णतेवर खर्च करतो, आणि आवाज जितका मंद तितके हे प्रमाण अधिक वाईट. कोणी काही ऐकत नसले, डबा नुसता चालू राहिला, तरी साधारण 40 ते 60 वॅट निव्वळ तापण्यात जातात. ही उष्णता बाहेर पडावी म्हणून वरच्या पत्र्याला झरोके पाडलेले असतात. गृहस्थाचे लक्ष नेमके त्या झरोक्यांवर जाते, कारण छिद्रे दिसली की ती झाकायची असतात. त्यावर कापड, कापडावर सेट टॉप बॉक्स (तो स्वतः तापणारा), बॉक्सवर गणपती, आणि या सर्वांवर शोकेसची सरकती काच. कित्येक पुस्तिकांत खोलीच्या तापमानाची मर्यादा 35 किंवा 40 अंश दिलेली असते. मे महिन्यात रायपूरचा पारा दुपारी 42–45 अंशांवर असतो, तेव्हा बंद काचेआड काय होत असेल, याचा अंदाज त्या कपाटात हात घालून कोणीही घ्यावा. आतला तापमापक हे सगळे सोसतो, मग रिले ‘टक्’ करून सोडतो. पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ उमटते किंवा लाल दिवा लुकलुकतो. आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळू नयेत आणि स्पीकरही सोबत जाऊ नयेत, म्हणून निर्मात्याने बसवलेली ही सोय आहे. तिने आपले काम केले की घरात तिलाच बिघाड म्हणतात.

याचा सर्वांत मोठा पुरावा दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. रिसीव्हर दुकानात नेतात, मिस्त्री तो उघड्या टेबलावर ठेवतो, एक स्पीकर जोडतो आणि गाणी लावून दुसऱ्या कामाला लागतो. तास जातो, दोन तास जातात, डबा ठणठणीत. घरी आणला की त्याच रात्री पुन्हा टक्. यावरून गृहस्थ दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: मिस्त्री कामचुकार आहे, किंवा रिसीव्हर लबाड आहे आणि परक्यासमोर नीट वागतो. तिसरी शक्यता सहसा कोणाला सुचत नाही. दुकानातल्या टेबलावर कापड नव्हते, काच नव्हती, गणपतीही नव्हता, आणि पाच स्पीकरांच्या वायरींऐवजी एकच जोडी होती. तेव्हा पहिली चाचणी बिनखर्ची आहे. काच सरकवावी, वरचे सगळे उतरवावे, झरोक्यांच्या वर वीतभर मोकळी जागा ठेवावी, आणि ज्या सिनेमात तो बंद पडला तोच सिनेमा त्याच आवाजात लावावा. शेवटच्या पाट्या येईपर्यंत तो टिकला तर खटला निकालात काढावा.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो, आणि तो बिनबुडाचा नाही: कापड काढले तर धुळीचे काय? उरला आणि सिलतरा भागातल्या स्पंज आयर्न कारखान्यांमुळे रायपूरच्या गच्च्यांवर साचणारी काळी भुकटी शहरात सर्वांच्या परिचयाची आहे. ती यंत्रात शिरली तर हीटसिंकवर तिचा थर बसतो आणि तो थरही उष्णता कोंडतोच. परंतु या आक्षेपाने सिद्ध होते ते एवढेच, की यंत्र बंद असताना झाकावे. हार्मोनियमवरचे कापड वाजवण्याआधी काढतात आणि वाजवून झाल्यावर घालतात. यात कोणाला क्रांती वाटत नाही. रिसीव्हर थंड झाल्यावर कापड घालावे, सुरू करण्याआधी काढावे, आणि महिन्यातून एकदा प्लग काढून मऊ ब्रशने झरोके झाडावेत. कूलरची दिशा डब्याकडे वळवणे हा उपाय मात्र करू नये. कूलर हवा गार करतो ती तिच्यात पाणी मिसळून, आणि ती ओल आतल्या जोडांवर गंज चढवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पौषात, अंगावर शाल घेऊन सिनेमा पाहतानाही डबा बंद पडतो. मग तुमचा उष्णतेचा सिद्धांत कुठे गेला? इथे सिद्धांताने थोडे सरकून बसावे. रिसीव्हर कधी बंद पडतो, याची वेळच त्याचे कारण सांगते. पाऊण-एक तासाने पडत असेल तर उष्णता. आवाज वाढवला, बॉम्बस्फोटाचा प्रसंग आला आणि त्याच क्षणी गेला, तर स्पीकरच्या वायरींकडे वळावे. ओमने 1827 साली मांडलेला नियम पंडरीतही लागू आहे: रोध निम्मा झाला की त्याच दाबाखाली प्रवाह दुप्पट होतो. दिवाळीत गच्चीवरही गाणी हवीत म्हणून 8 ओमच्या स्पीकराला 8 ओमचा दुसरा स्पीकर समांतर जोडला, की रिसीव्हरला 4 ओम दिसतात, आणि मागच्या पत्र्यावर ‘6 ते 16 ओम’ छापलेले असते. ते वाचायचे तर डबा भिंतीपासून ओढावा लागतो, आणि हे काम दसऱ्याच्या साफसफाईपर्यंत लांबणीवर पडते. त्याहून कपटी प्रकार म्हणजे तांब्याचा एक केस. वायरचे टोक सोलताना सुटलेली एक तार शेजारच्या टर्मिनलला किंवा पत्र्याला टेकते. हळू आवाजात एखादेवेळी निभावतेही, पण आवाज चढला की शॉर्ट. चाचणी अशी: प्लग काढून सगळ्या स्पीकरांच्या वायरी सोडवाव्यात, रिसीव्हर तसाच सुरू करावा, आणि तो टिकला तर दर वेळी बंद करून एकेक स्पीकर जोडत जावे. ज्या जोडणीनंतर टक् होईल, तो आरोपी. वायर पुन्हा सोलून, पिळून, शक्यतो बनाना प्लगमध्ये बसवावी. या कामात घाई करणाऱ्याला सहाव्या स्पीकरपाशी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

संध्याकाळी ठरावीक वेळी, ट्यूबलाइटही मिणमिणत असताना तो बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल, तर व्होल्टेज पाहावे. स्टॅबिलायझर इथे खरोखर उपयोगी आहे. ‘आमचे राज्य वीज सरप्लस आहे’ हे उत्तर त्यावर चालणार नाही. कोरब्याला वीज किती तयार होते आणि आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर किती एसी लटकले आहेत, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

आणि ‘प्रोटेक्ट’ न उमटता, शांतपणे, कुणी काही न करता तो झोपी जात असेल, तर त्याला कोणताही आजार नाही. टीव्ही एचडीएमआय केबलमधून त्याला निरोप पाठवतो. सीईसी नावाच्या या सोयीत एकाने मिटले की दुसराही मिटतो. शिवाय काही काळ आवाज आला नाही तर आपोआप स्टँडबायला जाण्याची सेटिंग असते. युरोपीय संघाने 2013 पासून अशा उपकरणांना ही सवय सक्तीची केली, आणि जगभर विकायचे मॉडेल एकच म्हणून पंडरीतला डबाही ब्रुसेल्सचा नियम इमानेइतबारे पाळतो. सिनेमा थांबवून जेवायला बसलेल्या कुटुंबाने परत आल्यावर त्याच्यावर ओरडू नये. मेनूत जाऊन वेळ वाढवावी.

एवढे करूनही, थंड डबा, कापड नाही, एकही स्पीकर जोडलेला नाही, आणि तरी सुरू केल्यावर काही सेकंदांत टक् होत असेल, तर आमचा सिद्धांत हात जोडून बाजूला होतो. आउटपुटचा ट्रान्झिस्टर गेलेला असावा आणि स्पीकरच्या मार्गावर डीसी येत असावा. अशा डब्याला पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. दुकानात नेताना काय केले असता, किती वेळाने बंद पडतो, हे कागदावर लिहून न्यावे. ‘आयसी उडाली’ एवढ्यावर समाधान मानू नये, कोणती ते विचारावे. आणि मिस्त्रीने ‘प्रोटेक्शनवाली तार काट देते हैं, फिर कभी बंद नहीं होगा’ असा तोडगा काढला, तर त्याने मागवलेला चहा पिऊन घ्यावा आणि डबा उचलून दुसऱ्या दुकानात न्यावा.