तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?

लंडन, जानेवारी

ती. सौ. आई, ती. सौ. काकू आणि ती. आत्या यांना शि. सा. नमस्कार. बाबांना आणि काकांनाही. धाकट्यांना अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, पनवेलहून येणाऱ्या प्रत्येक पाककृतीच्या शेवटी "अगदी सोप्पं आहे, पटकन होतं" हे वाक्य असतंच, आणि त्या वाक्याविरुद्ध आम्हांला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. तक्रार चवीबद्दल नाही. चवीबद्दल तक्रार करून पुन्हा त्या घरी जेवायला येण्याची हिंमत या कुटुंबात कुणाची नाही. आमचं म्हणणं एवढंच की घरची कृती लिहून पाठवताना जिन्नसांचं प्रमाण एकाच वाटीच्या हिशेबात द्यावं आणि पदार्थ झाला कधी, हे खुणेने सांगावं. किती वेळात होतो, कुणाच्या माहेरचा आहे, पाहुण्यांनी किती वाखाणला, हे सगळं नंतर. कारण पनवेलच्या ओट्यावर निम्मं काम हवा आणि पाणी परस्पर उरकून टाकतात, आणि श्रेय मात्र कृतीच्या सोपेपणाला जातं.

वालाचं बिरडं घ्या. कृती अशी येते: वाल भिजवा, रात्रभर फडक्यात बांधून ठेवा, कोमट पाण्यात सोला, फोडणीला टाका, आमसूल, गूळ, ओलं खोबरं, झालं. पनवेलला जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो. तिथे वालाला मोड यावेत म्हणून माणसाने काही करायचं नसतं, फक्त आड यायचं नसतं. लंडनच्या हिवाळ्यात रात्री घर पंधरा-सोळा अंशांवर उतरलं की तेच वाल सकाळी जसे बांधले तसे बाहेर येतात, थोडे फुगलेले आणि पूर्ण निर्विकार. मग दोन-तीन दिवस थांबायचं, किंवा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून त्या उबेत फडकं ठेवायचं. पुढे पाणी. लंडनच्या नळाला चुनखडीचं जड पाणी येतं, आणि त्यातलं कॅल्शियम कडधान्यातल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून डाळिंब्या मऊ व्हायला जास्त वेळ घेतात. पनवेलच्या देहरंग धरणात साठलेल्या पावसाच्या पाण्यावर वाढलेल्या "वाफेवर दहा मिनिटं" या सूचनेला इकडच्या पाण्याची कल्पना असण्याचं कारण नाही. पण हेच जर असं लिहून आलं की "मोड नखाएवढा दिसला की सोला, डाळिंबी चिमटीत दाबल्यावर फुटली पाहिजे, पातेल्यात मात्र अख्खी राहिली पाहिजे, आमसूल त्यानंतरच टाका, आंबट आधी पडलं तर दाणा शिजायचा अडून बसतो", तर ती कृती पनवेलला चालेल, लंडनला चालेल आणि डेन्व्हरलाही चालेल.

डेन्व्हरचं नाव उगाच घेतलेलं नाही. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे आणि तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. महाबळेश्वरलाही चारेक अंशांचा असा फरक पडतो. उघड्या पातेल्यातली तुरीची डाळ अशा उंचीवर उकळत राहते, उकळत राहते, आणि शिजत काही नाही. यावर काकांचं उत्तर ठरलेलं आहे: "कुकर लावा, तीन शिट्ट्या करा." कुकर लावा हे शंभर टक्के मान्य. आतला दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, मग बाहेर डेन्व्हर असो की खांदेश्वर. पण तीन शिट्ट्या? मराठी स्वयंपाकात शिट्टी हे वेळेचं माप मानलं जातं, आणि या मापाइतकं लबाड माप वजन-मापे निरीक्षकांच्या हाती कधी लागलं नसेल. जादा वाफ झाली की शिट्टी होते, बस्स. गॅस मोठा ठेवला तर तीन शिट्ट्या पाच मिनिटांत संपतात, बारीक ठेवला तर पंधरा मिनिटं लागतात, आणि इंडक्शनच्या शेगडीचा हिशेब आणखी निराळा. आत डाळ शिजते ती मिनिटांवर, शिट्ट्यांवर शिजत नाही. तेव्हा "पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून दहा मिनिटं" असं लिहिलंत तर ते जगाच्या पाठीवर कुठेही लागू पडेल. बंद भांड्यापुरतं घड्याळ आम्हांला मंजूर आहे, कारण आत डोकावता येत नाही.

आता बाबा विचारतील, एवढं सगळं आहे तर सरळ ग्रॅममध्ये का नको? वजनकाटा घ्या, प्रश्न मिटला. या आक्षेपात तथ्य आहे, आणि केकच्या बाबतीत तर आम्ही विनाअट शरण आहोत. पण काटा पिठाचं वजन सांगतो, पिठाचं वय सांगत नाही. तांदळाच्या भाकरीचं पीठ पनवेलला गिरणीतून कोमट कोमट घरी येतं. इथे ते दुकानाच्या फडताळावर किती महिने पडून होतं, देव जाणे. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. वाटीला वाटी पाणी हे प्रमाण सुरुवातीला ठीक, पण खरी माहिती पुढची: उकड गरम असतानाच मळायची, आणि थापताना कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळायची. चीर ही खूण आहे, आणि ती कुठल्याही काट्यावर दिसत नाही. छापील पुस्तकांनी हा गुंता आपापल्या परीने सोडवलेला आहे. मराठीत पाककृतीचं पुस्तक छापून आलं ते १८७५ साली, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र'. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' आलं, हजार पाकक्रियांचं. पण परदेशी निघालेल्या बॅगेत कपड्यांच्या घडीत जाऊन बसलं ते कमलाबाई ओगल्यांचं १९७० सालचं 'रुचिरा', आणि त्याचं मोठं कारण आमच्या मते वाटी आणि चमचा. वाटी लहान घ्या की मोठी घ्या, सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजले की गणित जुळतं. चमच्याबद्दल मात्र खुलासा हवा. मिसळणाच्या डब्यातला चमचा, चहाचा चमचा आणि आमटीचा डाव हे तिघेही आपल्याकडच्या पत्रांत "एक चमचा" या एकाच नावाने वावरतात, आणि तिखटाच्या बाबतीत हे प्रकरण जिवावर बेतू शकतं.

आत्याचा आक्षेप याहून खोल जाईल. ती म्हणेल, "असं लिहून काही होत नसतं. हात बसावा लागतो." अगदी खरं. पण हात बसतो तो कसा? ओट्याशी कुणीतरी शेजारी उभं असतं आणि योग्य क्षणी म्हणतं, "बस, आता उतरव," किंवा "अजून तेल सुटलं नाही." म्हणजे शिकवणं सगळं खुणांनीच चालतं. कागद समोर आला की मात्र त्याच सुगरणींना वाटतं की लिहायचं म्हणजे आकडे हवेत, आणि शेजारच्या माणसाचं ते एक वाक्य तेवढं गाळलं जातं. व्हिडिओ पाहूनही ही उणीव भरत नाही. मसाला परतायला घेतला इथवर दाखवतात आणि पुढच्या दृश्यात तो परतून झालेला असतो. शिवाय वास पडद्यातून येत नाही.

आणि खुणेवर विश्वास नसेल तर पोपटीकडे पाहावं. थंडीत रायगडभर, म्हणजे आपल्याकडेही, शेतावर जी लागते ती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, ज्याला चालतं त्याची कोंबडी, वरून पुन्हा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. आत काय चाललंय ते दिसत नाही, घड्याळ कुणी बघत नाही, आणि जाळ काय रोज सारखा नसतो. मग तापल्या मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे. चर्र आवाज होऊन लगेच विरले की पोपटी झाली. भांडं बंद, तरी खूण बाहेरून! कुकर बनवणाऱ्यांना हे अजून जमलेलं नाही, त्यांनी शिट्टीवर भागवलं.

काकूंची शंका उरतेच: एवढं सगळं लिहायचं तर कृती सोपी कुठली, ती कादंबरी होईल. इथे आमचा नम्र मतभेद आहे. "पोहे भिजवून घ्यावेत" ही तीन शब्दांची ओळ आहे, पण तिच्यात किती पाणी, किती वेळ, चाळणीत की ताटात, जाडे की पातळ, हे सारे निर्णय वाचणाऱ्यावर सोपवलेले आहेत. "जाडे पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवा, दाणा चिमटीत सहज चुरडला पाहिजे आणि मूठ सोडली की पोहे मोकळे झाले पाहिजेत" ही ओळ लांब आहे, पण ठरवायचं काही उरत नाही. नवख्याला दमवतं ते ठरवणं. वाचायला तो कंटाळत नाही, भूक लागलेली असली तरी.

काही पदार्थ मात्र कितीही खुणा दिल्यात तरी समुद्र ओलांडणार नाहीत, आणि ते कृतीतच कबूल केलेलं बरं. भांबुर्डीला इथे पर्याय नाही. कोबीच्या पानांत रचून ओव्हनमधून काढलेल्या शेंगांना पोपटी म्हणणं हा रायगड जिल्ह्याचा अपमान ठरेल. सुका जवळा तव्यावर भाजणं ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये पाककृती राहत नाही, अग्निशमनाची बाब होते, कारण छतावरचा धुराचा भोंगा आगीत आणि जवळ्यात फरक करत नाही. उलट काही गोष्टी इकडे खरोखर सोप्या आहेत. खवलेला नारळ गोठवलेला मिळतो, तेव्हा सोलकढीच्या कृतीत "नारळ फोडून" पासून सुरुवात करण्याची गरज नाही.

तर पुढच्या पत्रात आधी शेवग्याच्या शेंगांचं पिठलं यावं, मग कोलंबीची खिचडी. आमटीतल्या मसाल्याला तेल सुटलेलं कसं ओळखायचं तेही लिहावं, आणि त्यासोबत "कळतंच ते" असं लिहू नये. आमसुलं संपत आली आहेत; कुणी येणारं असेल तर त्याच्या हाती धाडावीत.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
लंडनची मंडळी

ता. क. मिठापुढे "चवीपुरतं" लिहिलंत तरी चालेल. त्यावर घरात आधीच दोन तट आहेत, तिसरा नको.