विरोचक कोण, ते आक्कांना विचारा

झी मराठीवर 12 सप्टेंबर 2022 ला ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ सुरू झाली. त्या मालिकेतल्या नेत्राला पुढचं दिसायचं. आणि नेत्राचं पुढचं आमच्या गल्लीतल्या आक्कांना दिसायचं.

आक्का वसमतच्या. वय साठीच्या पुढं. किती पुढं, ते विचारायची सोय नाही. त्यांच्यासारखी माणसं आता हिंगोली जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत गल्लीला एक या हिशेबानं सापडतात. कुठं रिटायर मास्तर असतात, कुठं पानटपरीवाला, कुठं सुट्टे पैसे देता देता अंदाज देणारा कंडक्टर. ही मंडळी मालिका नुसती बघत नाहीत, पोलीस पाटलानं पंचनामा करावा तशी तपासतात. हुंदक्याच्या प्रसंगी बाकी बाया पदर डोळ्याला लावतात, तेव्हा आक्कांची नजर मागच्या दारावर असते. कडी उघडी आहे का?

मालिका लागायची रात्री साडेदहाला. खरी बैठक मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी, ओसरीत. फेब्रुवारी-मार्चात हळद शिजून, वाळून घरात आलेली असते. बाया हळकुंडं निवडायला बसतात आणि आक्का त्यातूनच पात्रं मांडतात. फरशीवर मधोमध एक जाडजूड गड्डा. हा विरोचक, मालिकेतला छुपा खलनायक. भोवती सडपातळ हळकुंडं: ही नेत्रा, हा अद्वैत, ही घरातली बाकी माणसं. आता या घरातला विरोचक कोण? गल्लीत तीन पक्ष पडले होते. आक्कांनी शांतपणे एक वाकडं हळकुंड उचललं आणि गड्ड्याला टेकवून ठेवलं.

“रुपाली.”

“अवं आक्का, ती तर घरची मोठी बाई!”

“म्हणूनच. आन् तिची साडी बघ. घरात एवढी उलथापालथ झाली, पण तिच्या निरीला चुरगळी न्हाई. संसार करणाऱ्या बाईचं असं ऱ्हातं का?”

पुढं ऐश्वर्या नारकरांची रुपालीच विरोचक निघाली, तेव्हा आक्का हसल्यासुद्धा नाहीत. तेवढा अंदाज बरोबर येणं ही त्यांच्या लेखी लेखकाची हुशारी.

त्यांचे काही कायदे पक्के आहेत. प्रेत दाखवलं नाही ना? मग माणूस मेला नाही. नदीत पडलेला तर कधीच मरत नाही, उलट जरा गोरा होऊन परत येतो. प्रोमोत लग्न दाखवलं तर ते स्वप्न, मरण दाखवलं तरी स्वप्न, आणि काहीच दाखवलं नाही तर आता सांभाळून राहायचं. एखादं पात्र आठ दिवस ‘गावाला गेलंय’ म्हणून सांगितलं तर त्यात काही रहस्य नाही, त्या नटीच्या घरी कार्य असणार. आणि घरात एकाएकी लांबची मावशी उगवली, की दुधाच्या पेल्याजवळ कोण उभं आहे तेवढं बघायचं.

हे शास्त्र त्यांनी काही एका मालिकेत कमावलेलं नाही. दूरदर्शनच्या ‘चंद्रकांता’पासून त्यांचा अभ्यास चालू आहे. 2016 साली ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये अण्णा नाईक सुरुवातीलाच वारले. घरचे दिवस घालायच्या तयारीत, आणि इकडं आक्का म्हणाल्या, “ह्यो माणूस परत येतंय.” लोकांनी वेड्यात काढलं. जानेवारी 2019 मध्ये दुसरा भाग आला, त्यात गोष्टच मागं नेली आणि माधव अभ्यंकरांचे अण्णा चालतेबोलते, शेवंतासह हजर! 2021 च्या तिसऱ्या भागात तर भूत होऊनही आले. आक्कांनी तीन वर्षं जुना अंदाज वसूल केला, वर व्याज म्हणून गल्लीभर पेढे मागितले.

कट्टप्पानं बाहुबलीला का मारलं, याचं तर सगळ्या देशाला कोडं होतं. ‘बाहुबली’चा पहिला भाग 2015 च्या जुलैत आला आणि दुसऱ्यासाठी 2017 चा एप्रिल उजाडला. या मधल्या काळात शिकल्यासवरल्या माणसांनी काय काय तर्क लढवले! नांदेडला इंजिनिअरिंग करणाऱ्या गल्लीतल्या पोरानं तर वहीत आकृती काढून दाखवली होती. आक्कांनी चुलीपुढून मान न वळवता सांगितलं, “सालगडी हाय त्यो. मालकिणीनं सांगितलं असंल.” पाडव्याला साल ठरतं, मग वर्षभर नाही म्हणायची सोय नसते, हे ज्या मुलखात पोरांनाही ठाऊक आहे तिथं हे कोडं पडायलाच नको होतं. मला तरी राजमौलींनी केलेल्या लांबलचक उलगड्यापेक्षा आक्कांचं एक वाक्य सरस वाटतं.

चुकत नाहीत का? चुकतात की. चारातले तीन अंदाज साफ आपटतात. पण त्यात आक्का हरत नाहीत, मालिका हरते. “म्या सांगितलं तसं करायला पाहिजे होतं त्यानं,” असा लेखकाबद्दल निकाल लागतो. अशा वेळी आक्कांची गोष्ट आणि पडद्यावरची गोष्ट शेजारी ठेवली, तर पुष्कळदा आक्कांचीच जास्त पटते. तिला जाहिरातींसाठी थांबावं लागत नाही, हे एक कारण असेल.

दुसरं कारण विजेचं. ऐन मोक्याला, मुखवटा निघता निघता, लाईट जाते. डीपी जळाली तर तीन-तीन दिवस तशीच. या तीन दिवसांचे भाग आक्का तोंडी सादर करतात. वीज आल्यावर कुणाला काही गाळल्यासारखं वाटत नाही. एकदा तर पडद्यावर वेगळंच काहीतरी चालू असलेलं पाहून शेजारच्या काकू चिडल्या होत्या: “ह्यांनी मधीच काय बदललं?”

मी एकदा त्यांना म्हटलं, “आक्का, कीर्तनाला तुम्ही जाता. तिथं गोष्टीचा शेवट सगळ्यांना पाठ असतो. मग इथंच पुढचं कळायची एवढी घाई कशाला?”

“औंढ्याला देऊळ फिरलं, तवा कुणाला आधी म्हाईत होतं?” त्यांनी मलाच विचारलं. संत नामदेवांची नर्सी आमच्याच जिल्ह्यातली. नामदेवांना देवळापुढून उठवून मागं पाठवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं आणि नंदी मागं राहिला, असं आमच्याकडं सांगतात. “आता म्हाईत हाय. पण त्या दिवशी मागं बसलेल्यात एखादी बाई म्हणली असंल बघ, आता देऊळ फिरतंय म्हणून.” ती बाई कोण असणार, हे सांगायची गरज नव्हती.

तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज येतात, ही गोष्ट जुनी आहे. त्यामुळं टीव्हीत ढुम्म झालं की इकडं आधी भांडी बघायची, हलतात का. न हलली तर विरोचक. 21 मार्च 2024 ला सकाळी सहा वाजून गेल्यावर भांडी खरीच हलली. 4.5 तीव्रतेचा भूकंप. सगळी गल्ली रस्त्यावर, आणि सवयीनं सगळ्यांची तोंडं आक्कांकडं. पुढं काय? आक्का पहिल्यांदाच वैतागल्या. “मला काय विचारायलाव? ह्याचा प्रोमो आलता का?”

त्यांच्या इभ्रतीला खरा धक्का बसला तो नातवामुळं. पुण्याहून सुट्टीला आलेला हा पोरगा मोबाईलवर रात्रीचा भाग सकाळीच बघून मोकळा व्हायचा. आक्कांनी त्याला बजावलं होतं, “तोंड उघडलंस तर जेवायला मिळायचं न्हाई.” तो बिचारा गप्प राहिला. पण नेमके त्या आठवड्यात आक्कांचे सगळे अंदाज बरोबर आले. सोमवारी बरोबर, मंगळवारी बरोबर, बुधवारी तर वाक्यासकट. बायांची कुजबुज सुरू झाली. शेजारच्या काकूंनी हळद पाखडता पाखडता टोला मारला, “नातू आल्यापासून नजर लईच लांब जायलीय म्हणं.”

आक्कांच्या हातातलं हळकुंड तिथंच थांबलं. चोरीचा आळ! गुरुवारी दुपारी त्यांनी सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, “आज रुपाली पाया पडून माफी मागती.” लहान पोरालाही पटू नये असा अंदाज. रात्री रुपालीनं माफीबिफी काही मागितली नाही. शुक्रवारी त्याहून भन्नाट, नेत्रा म्हणे माहेरी जाऊन पापडाचा धंदा टाकणार. तोही आपटला. शनिवारी दुपारी बाया हसत हसत ओसरीत आल्या, काकूंनी घरून चहा करून आणला आणि पहिला कप आक्कांपुढं ठेवला.

“चुकलाव की वो आक्का, दोन्ही दिवस!”

“चुकले माय,” आक्का म्हणाल्या, बशीत चहा ओतला आणि फरशीवर नवा गड्डा मांडला.