बिबट्याला एनओसी नाही

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर फ्लॅटचे दोन दर असतात. रस्त्याकडच्या फ्लॅटला ट्रक, धूळ आणि मेट्रोचं काम फुकट मिळतं. जंगलाकडच्या फ्लॅटला येऊरचा डोंगर मिळतो, त्याचे चौरस फुटामागे पैसे पडतात. पैसे बिल्डर घेतो, पावती आपण जपून ठेवतो. अडचण एकच, करारनाम्यावर डोंगराची सही नसते.

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ही त्रुटी पहिल्यांदा उघड झाली. विषय पहिला, पानगळ. उन्हाळा लागला की साग पानं टाकतो आणि ती वाऱ्याबरोबर थेट आमच्या पोहण्याच्या तलावात उतरतात. ब्रोशरमध्ये बाराही महिने हिरवं दाखवलं होतं, मग ही फसवणूक नाही का, असा सवाल बी विंगने केला. वनखात्याला सांगून सदाहरित झाडं बसवून घ्यावीत, अशी सूचना आली आणि तिला अनुमोदनही मिळालं.

विषय दुसरा, आवाज. नियमाप्रमाणे निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. रातकिडे ती पाळत नाहीत. पावसाच्या तोंडावर पावशा भर मध्यरात्री ‘पेरते व्हा’ म्हणून गळा काढतो. पेरायचं कुठे? पोडियमवरच्या मातीत लॉन आहे आणि त्यावर चालायला बंदी. एका सभासदाने मोबाइलवर पावशाचं डेसिबल मोजून आणलं होतं. सभा चालू असताना डोंगरावरच्या एका बंगल्यातला डीजे खिडक्यांच्या काचा हलवत होता. तो कोणी मोजला नाही. निम्म्या कमिटीला शनिवारी तिथलंच आमंत्रण होतं.

मध्येच अभिनंदनाचा ठराव झाला. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचा मार्ग, जोडरस्त्यांसह लांबी सुमारे 11.8 किलोमीटर, याच जंगलाच्या पोटातून जाणार. शांततेसाठी शहर सोडून इथे आलेली मंडळी आता शहरात किती मिनिटांत परत पोचता येईल, याचा हिशेब टाळ्या वाजवत करत होती.

मग आला मुख्य विषय. कंपाउंडच्या भिंतीवरून बिबट्या चालत गेल्याचं सीसीटीव्हीत दिसलं होतं. आमच्यामागचं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. 2018च्या कॅमेरा-सापळ्यांच्या मोजणीत तिथे आणि आसपास 47 बिबटे आढळले होते. त्यातल्या एकाने आमचा पत्ता शोधावा, हे सिक्युरिटीचं अपयश ठरलं. ‘पकडून लांब सोडा,’ असं बहुमत पडलं.

बोलावलेल्या वनरक्षकाने शांतपणे सांगितलं की जुन्नर भागात तेच करून झालंय. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया यांच्या अभ्यासात दिसलं, की बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले कमी झाले नाहीत, वाढले. ‘बिबट्या तुमच्यासाठी येत नाही साहेब, कुत्र्यांसाठी येतो. कुत्री कचऱ्यासाठी येतात. आणि कचरा...’ इथे चेअरमननी चहा मागवला.

खरं तर आमच्या उपविधींना शोभेल असं वागणारा इथे बिबट्या एकटाच. हॉर्न वाजवत नाही. दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये उभा राहत नाही. लिफ्टमध्ये पान खाऊन थुंकत नाही. टँकर उशिरा आला म्हणून वॉचमनवर ओरडत नाही. रात्री निघतो, पहाटेआधी परततो आणि कोणाला कळूही देत नाही. एवढ्या भांडवलावर त्याला सहयोगी सभासद करून घ्यायला हरकत नव्हती. पण भाडेकरूंच्या बाबतीत आमची कमिटी आधीपासूनच कडक आहे. मांसाहारी, एकटा राहणारा, रात्री-अपरात्री येणारा, अशाला एनओसी द्यायची नाही हा जुना ठराव आहे. तो एकमताने बिबट्यालाही लागू झाला.

शेवटचा विषय उघड्यावर टाकल्या जाणाऱ्या कचऱ्याचा होता. तो निघताच सभासद जेवायला गेले आणि कोरमअभावी सभा तहकूब झाली. अर्ध्या तासाने भरणाऱ्या तहकूब सभेला कोरम लागत नाही. कचऱ्याच्या डब्यापाशी हजर असलेल्या कुत्र्यांनी मग आहे तीच व्यवस्था पुढे चालू ठेवावी, असं ठरवून विषय निकालात काढला.