आळसाचं प्रमाणपत्र

महाराष्ट्रात रक्तदान शिबिराला निमित्त शोधावं लागत नाही, वाढदिवस पुरतो. तो भाऊंचा असो, दादांचा असो नाहीतर मंडळाचं पंचविसावं वर्ष असो. मांडव पडतो, खाटा लागतात, फ्लेक्सवर भाऊ हात जोडून उभे राहतात आणि त्यांच्या पायाशी गॉगलवाल्या कार्यकर्त्यांचे चेहरे दाटीवाटीने चिकटवले जातात. या सगळ्या थाटात जमा होणारं रक्त मात्र शंभर टक्के खरं असतं, म्हणून थाटाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती खाटेवरून उठल्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल. तिथे टेबलामागची ताई प्रत्येकाला तेच सांगत असते: भरपूर पाणी प्या, आज जड उचलू नका, व्यायाम उद्यावर टाका. दात्याचं लक्ष निम्मं बिस्किटांवर आणि निम्मं भेटवस्तूच्या पिशवीवर असतं. कान मोकळे असतात, पण त्यांत डीजे शिरलेला असतो. संध्याकाळी हाच गृहस्थ दंडावरची पट्टी मिरवत जिममध्ये हजर होतो, कारण वेळापत्रकाप्रमाणे आज छातीचा वार असतो. आपल्याकडचा माणूस साडेचारशे मिलिलिटर रक्त हसत हसत देईल, पण एक दिवस नुसतं बसून राहा म्हटलं की त्याच्या जिवावर येतं. माझं म्हणणं एवढंच, की ते बसून राहणं हा दानाचाच उत्तरार्ध आहे. प्रमाणपत्र फक्त पूर्वार्धाचं मिळतं, ही आयोजकांची चूक.

आता हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. आपल्या देशातल्या नियमांप्रमाणे दात्याचं वजन किमान ४५ किलो असेल तर ३५० मिलिलिटर घेतात, ५५ किलोच्या पुढे असेल तर ४५० घेता येतं. म्हणजे फार तर दहावा हिस्सा. एवढी तूट शरीर भरून काढतं, पण एकरकमी नाही. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, एक-दोन दिवसांत भरून येतो. मालकाने पाणी पिण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात. लाल पेशींचं प्रकरण सावकाशीचं. रक्तातला प्राणवायू घटल्याची खबर आधी मूत्रपिंडाला लागते, ते एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं, मग हाडांच्या पोटातली अस्थिमज्जा कामाला लागते, आणि पेशींचा आकडा पूर्ववत व्हायला चार ते आठ आठवडे जातात. लोहाचा साठा त्याच्याही मागून, कधी कधी काही महिन्यांनी. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस थांबवतात ते याच कारणाने. थोडक्यात, रक्त दिलं त्या दिवशी ते कमी असतं, आणि पुढचे काही आठवडे ते मापाला पुरेसं पण गुणाला पातळ असतं. पिढ्यान् पिढ्या गवळ्याशी हुज्जत घातलेल्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको: लिटर भरलं म्हणजे दूध आलं असं नाही.

असं पातळ रक्त घेऊन माणूस पळाला तर काय होतं, हे स्टॉकहोमच्या ब्यॉर्न एकब्लोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली नोंदवून ठेवलं आहे. त्यांनी काही तरुणांचं ८०० मिलिलिटर रक्त काढलं आणि त्यांना दमेपर्यंत पळवलं. ते लवकर दमले. सुमारे चार आठवड्यांनी ज्याचं रक्त त्याच्याच अंगात परत घातलं आणि पुन्हा पळवलं. या वेळी ते रक्त काढण्यापूर्वीपेक्षाही जास्त टिकले. शास्त्रज्ञांनी कुतूहलापोटी केलेली गोष्ट खेळाडूंनी पदकापोटी उचलली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या काही सायकलपटूंनी रक्त चढवून घेतलं होतं, आणि त्यानंतर ऑलिंपिक समितीने या प्रकारावर बंदी घातली. लान्स आर्मस्ट्राँगची ‘टूर द फ्रान्स’ची सातही विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली, पुढच्याच जानेवारीत त्याने टीव्हीवर जी कबुली दिली, तिच्यात इतर औषधांबरोबर हे रक्त चढवणंही होतं. म्हणजे बघा, जी पिशवी अंगात घालून घेण्यासाठी जगज्जेते आपली अब्रू पणाला लावतात, ती आपला दाता चार मारी बिस्किटं आणि कपभर चहावर देऊन मोकळा होतो. हा त्याचा मोठेपणा, वादच नाही. पण पिशवी देऊन आल्यावर संध्याकाळी ट्रेडमिलवर कालचाच वेग मिळावा ही अपेक्षा कोणत्या शास्त्रात बसते? ब्रिटनमधल्या २००६ च्या एका प्रयोगात नेहमीएवढंच, म्हणजे ४५० मिलिलिटर रक्त दिलेल्यांना दुसऱ्या दिवशी सायकलवर जोर लावायला सांगितलं, तर त्यांचा टिकून राहण्याचा वेळ सुमारे १४ टक्क्यांनी घटला होता. जिममधला ट्रेनर त्या दिवशी ‘आज फोकस नाहीये, सर’ असं म्हणतो. फोकस असतो. प्राणवायू वाहणारे हमाल कमी असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘मी तर दरवेळी रक्त देऊन सरळ व्यायामाला जातो, मला कधी काही होत नाही.’ यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हलक्या श्रमाला एवढ्या तुटीने फारसा फरक पडत नाही. चालणं, घरातली कामं, कट्ट्यापर्यंत जाऊन राजकारण सुधारणं, हे सगळं त्याच दिवशी खुशाल करावं. फरक दिसतो तो धाप लागेल अशा मेहनतीत. आणि खरा धोका दमण्याचा नाही, भोवळ येण्याचा आहे. रक्त दिल्यावर काहींचा रक्तदाब आणि नाडी एकदम खाली येते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. बहुतेकांना हे शिबिरातच होतं, तिथे खाट असते, पाय वर करून धरायला माणसं असतात. पण काहींना ते काही तासांनी होतं, आणि ती वेळ आपल्याला विचारून येत नाही. समजा १५ ऑगस्टला सकाळी मंडळात रक्तदान आणि संध्याकाळी दहीहंडीचा सराव. सकाळचा दाता संध्याकाळी चौथ्या थरावर. त्याला घेरी आली तर ती त्याची एकट्याची राहत नाही, खालच्या तिन्ही थरांची होते. बेंच प्रेसवर छातीच्या वर साठ किलोंची सळई धरलेल्याचं, लोकलच्या दारात एका हातावर लटकलेल्याचं गणित वेगळं नाही. ‘कधी काही होत नाही’ हे वाक्य ज्यांना काही झालं नाही त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळतं, हेही पुराव्याचा विचार करताना लक्षात ठेवायला हवं.

शिवाय तो हात. कोपराच्या आतल्या बाजूला जाडशा सुईने पाडलेलं भोक बाहेरून पट्टीखाली झाकलं जातं, पण आतली शीर काही तासांत पूर्ववत होत नाही. त्याच हाताने डंबेल उचललं, की दाब वाढून रक्त कातडीखाली झिरपतं आणि दुसऱ्या दिवशी कोपर वांग्याच्या रंगाचा होतो. घरचे मग रक्तपेढीला नावं ठेवतात. ज्यांना तालमीचा दाखला देऊन ‘जुने पैलवान असले लाड करत नव्हते’ असं म्हणायचं असेल त्यांनी पैलवानाचा दिवस पूर्ण पाहावा. मेहनत झाल्यावर थंडाई पिऊन आडवं होणं हा तालमीतला शिस्तीचा भाग आहे, आणि तो कोणी चोरून करत नाही.

रक्तदानाआधीचा व्यायाम हा याहून गमतीचा विषय, कारण इथे माणसं पुण्याची जोडणी करतात. पहाटे दहा किलोमीटर धावायचं, चतुर्थी म्हणून काही खायचं नाही, आणि घाम पुसत पुसत शिबिरात पोचायचं. एका सकाळी तीन पुण्यं. अशा माणसाचा अनेक ठिकाणी पहिला मुकाबला होतो तो निळ्या पाण्याशी. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या द्रावणात वरून सोडतात. द्रावणाचं वजन असं राखलेलं असतं, की १२.५ ग्रॅम किंवा जास्त हिमोग्लोबिन असलेला थेंब काही सेकंदांत तळाला जातो आणि त्याहून हलका थेंब मध्येच घुटमळतो. संतसाहित्याने आपल्याला नेमकं उलटं शिकवलेलं असल्यामुळे काहींचा इथे गोंधळ उडतो. या परीक्षेत जो बुडतो तोच तरतो. आता घामाने शरीरातलं पाणी आटलेलं असेल तर रक्त दाट झालेलं असतं आणि थेंब दिमाखात बुडतो. पण मुळात पाणी आटलेल्या माणसाकडून आणखी साडेचारशे मिलिलिटर काढणं म्हणजे भोवळीला आमंत्रणपत्रिका धाडणं. नाडीचंही तसंच. ती ६० ते १०० च्या दरम्यान आणि नियमित असावी लागते. धावत आलेल्याची ११५ असते, म्हणून त्याला बाकावर बसवून ठेवतात. उलट वर्षानुवर्षं पळणाऱ्याची विश्रांतीतली नाडी पन्नासच्या आसपास असू शकते, तेव्हा डॉक्टर आधी मनगटाकडे आणि मग त्याच्या बुटांकडे बघतात. सतत कसून मेहनत करणाऱ्यांच्या अंगात प्लाझ्माही वाढलेला असतो, त्यामुळे चांगला धडधाकट धावपटू हिमोग्लोबिनच्या आकड्यात कधी कधी नापास होतो आणि बाजूचा पोट सुटलेला गृहस्थ पास होतो. त्या क्षणी धावपटूच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला औषध नाही. उपाय साधा आहे: आदल्या रात्री नीट झोप, सकाळी व्यायामाला सुट्टी, पोटभर नाश्ता आणि जाण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी. उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी चालेल; पोट रिकामं नको एवढंच बघायचं.

दुसरा आक्षेप वरवर पाहता शहाणपणाचा वाटतो: ‘एवढी भानगड असेल तर आम्ही व्यायामवाल्यांनी रक्त देऊच नये.’ हा आक्षेप घेणाऱ्याच्या आवाजात एक सुटकेचा सूर असतो, तो कानाने टिपावा. याचं उत्तर तारखेत आहे. १२ जानेवारीला जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती, त्यामुळे ठिकठिकाणी शिबिरं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे १५ ते २१ यांच्यामध्ये. बारा तारखेला रक्त देऊन त्या रविवारी धावणारा माणूस पातळ रक्ताच्या ऐन दिवसांत ४२.१९५ किलोमीटरला निघतो, आणि पेडर रोडचा चढ शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात ठेवलेला असतो. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात रक्तदानानंतर घटलेली कामगिरी साधारण दोन आठवड्यांत आणि हिमोग्लोबिन चार आठवड्यांत पूर्ववत झालेलं आढळलं. तेव्हा महत्त्वाच्या शर्यतीआधी महिना-दीड महिना रक्त देऊ नये, शर्यत झाली की अंग पूर्ण सावरल्यावर द्यावं. जो माणूस शर्यतीच्या बुटांसाठी तीन महिने सेलची वाट बघतो, त्याला एवढं नियोजन जड जाऊ नये. आणि ज्याच्या आयुष्यात शर्यत फक्त बस पकडण्याची असते, त्याला हा आक्षेप मुळात लागूच नाही.

दोन रक्तदानांच्या मधल्या काळात आहाराचे सल्ले देणारे भेटतात. त्यांचा सगळा भर रंगावर: बीट खा, डाळिंब खा, गाजराचा रस घ्या, सगळं लाल लाल. रंग पाहून रक्त वाढत असतं तर कुंकवाच्या कारखान्यात कोणी अॅनिमिक राहिलं नसतं. एका रक्तदानात दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह जातं, आणि ते भरून काढायला हळिवाचे लाडू, राजगिरा, कडधान्यं, मटण-कलेजी यांची गरज असते. वर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबरचा चहा ते शोषण अडवतो, आणि आपण दात्याचं स्वागत चहानेच करतो. पाळी येणाऱ्या स्त्रियांचा लोहाचा साठा आधीच तोकडा, त्यांतल्या धावपटू स्त्रियांचा तर आणखी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत रक्तदानानंतर लोहाची साधी गोळी रोज घेणाऱ्यांचं घटलेलं हिमोग्लोबिन महिनाभरात बरंचसं भरून आलं. न घेणाऱ्यांना त्याला अडीच महिन्यांपासून पाच महिन्यांपर्यंत वेळ लागला. तेव्हा डॉक्टरांना गोळीबद्दल विचारावं, शेजाऱ्यांना विचारू नये. रक्तदानाने साडेसहाशे कॅलरी जळतात असाही एक निरोप मोबाइलवर फिरत असतो. पिशवीबरोबर अर्धा किलो वजन जातं हे खरं, पण ते पाणी प्यायलं की परत येतं. साडेसहाशे कॅलरीच्या भरवशावर मिसळपाव आणि वर जिलबी घेणाऱ्याच्या पदरी फक्त जिलबी पडते.

राहिला तिसरा आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो: ‘माझं शरीर, मी बघून घेईन.’ पण रक्तपेढीच्या दृष्टीने हा एका शरीराचा प्रश्न नसतो. १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे. तेव्हापासून सगळी मदार पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वेच्छेच्या दात्यावर आहे. ज्याला रक्त दिल्यावर चक्कर आली तो पुढच्या वेळी यायला कचरतो, हे अनेक देशांतल्या पाहणीत दिसलेलं आहे. जिममध्ये सगळ्यांसमोर जो कोसळतो त्याच्याबरोबर बघणारे दहा जणही कचरतात, आणि दोष व्यायामाला कोणी देत नाही, रक्तदानाला देतात. एक दिवसाचा आळस केला तर हे टळतं. एवढ्या स्वस्तात समाजकार्य दुसरीकडे कुठे होत असेल असं वाटत नाही.

एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असतात, माणसं गावी जातात, शिबिरं थंडावतात आणि दरवर्षी रक्तपेढ्यांना टंचाई भासते. मोठ्या शर्यती त्या उन्हात फारशा होत नाहीत, त्यामुळे धावणाऱ्यांचाही हा मोकळा काळ. मेमधल्या एखाद्या शनिवारी हवा तेवढा घाम गाळा, रविवारी सकाळी नाश्ता करून, पाणी पिऊन रक्तपेढीत जा आणि उरलेला दिवस पंख्याखाली घालवा. सोमवारी जिमवाल्याचा फोन आला तर उद्या येतो म्हणून सांगा.