आमच्यात खात नाहीत

अलिबागकडच्या अष्टागरात जन्म घ्यायचा, घराच्या मागल्या दारी समुद्र, आणि कोळंबीला हात लावायचा नाही! कुर्ल्या नाहीत, तिसऱ्या नाहीत, माकुल नाही. अंगावर खवलं नाहीत म्हणून बिचारा शिंगाळाही नाही. पापलेट, रावस, बांगडा तेवढे चालतील. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. का हो असं, म्हणून विचारलं तर उत्तर तेच, जे आपल्याकडे जातीजातीच्या स्वयंपाकघरात मिळतं : आमच्यात खात नाहीत. यापुढे विचारण्यासारखं काही उरत नाही.

या समाजाची आपल्याबद्दलची कथा अशी, की नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्यापुस्तकं समुद्राने नेली. पुढे वंशजांनी तेलाचे घाणे टाकले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू विसरली. ‘शमा’ ही एकच प्रार्थना उरली. सुंता असो, लग्न असो की मयत, तीच म्हणायची. वर्षातून एकदा दारं लावून, उपाशीपोटी घरात बसायचं. हा किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हे मागाहून कळलं. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास तर इथे ‘बिरड्याचा रोजा’ झाला. मंदिराची आठवण पुसट झाली असेल, पण उपास वालाच्या बिरड्यावर सोडायचा, हे कोण विसरणार?

मग कधीतरी डेव्हिड राहाबी नावाचा विद्वान ज्यू इकडे आला. कधी, यावर अभ्यासकांचं जमत नाही. पण गोष्ट सगळे एकच सांगतात. हे लोक आपलेच का, याची त्याला खात्री करायची होती. देव एकच मानता ना, सीनाय पर्वतावर धर्मशास्त्र मिळालं हे कबूल ना, असलं काही त्याने विचारलं नाही. बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली आणि रांधा म्हणाला. त्यांनी खवल्यांची आणि परांची मासळी निवडून घेतली, उरलेली बाजूला सारली. झाली त्याची खात्री.

माझं डोकं इथे अडतं. त्या बायकांनी नेमकं काय पाळलं? ज्यू धर्मात सहाशे तेरा आज्ञा मोजतात, मित्सवा म्हणतात त्यांना. आज्ञा म्हटली की कोणीतरी केलेली असते. ती कोणी केली, कुठे केली, हेच ठाऊक नसेल तर नुसती कोळंबी बाजूला सारणं म्हणजे आज्ञापालन की सवय?

गंमत म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, म्हणजे रब्बींनी, हा वाद फार पूर्वीच घालून ठेवला आहे. आज्ञा पाळताना मनात तसा हेतू, त्यांच्या भाषेत ‘कव्वाना’, हवा की नको? तालमूद या त्यांच्या जुन्या ग्रंथातलं एक उदाहरण मला फार आवडतं. समजा, इराण्यांनी एखाद्या ज्यूला धरलं आणि वल्हांडणाच्या रात्री बळजबरीने बेखमीर भाकरी खायला लावली. (कुठल्या इराण्याला हा उद्योग सुचेल, असं मनात येतं; पण तालमूदात अशा शंका काढत बसलं तर पान उलटायचं नाही.) तर त्या माणसाकडून आज्ञा पाळली गेली का? गेली, म्हणतात. मग नुसता सूर लावून बघायला मेंढ्याचं शिंग फुंकलं, तर नववर्षाला शिंग वाजवायची आज्ञा पाळली गेली का? एका रब्बीच्या मते तीही गेली. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या पंडिताने मात्र भाकरी मान्य केली आणि शिंग नाकारलं. असा भेद का, यावर टीकाकारांनी दिलेलं उत्तर मला पटकन पटलं : खाल्लं की शरीराला त्याचं सुख मिळतंच, मन हजर असो वा नसो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी वाढून घेणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

पण भाकरी खाण्यात सुख आहे. कोळंबी न खाण्यात कुठलं आलंय? इथे रब्बी एलाझार बेन अझर्या मदतीला येतो. डुकराचं मांस मला आवडत नाही असं म्हणू नये, असं तो सांगतो. आवडलं असतं हो, पण वरच्या बापाचा हुकूम आहे, करणार काय, असं म्हणावं. म्हणजे किळस येऊन सोडलं तर त्यात धर्म नाही. या कसोटीवर अलिबागची माणसं देवाच्या फार जवळ असली पाहिजेत. शेजारच्या घरी कोळंबीचं कालवण उकळतंय, वास इकडे येतोय, आणि आपल्या ताटात बांगडा. फक्त हुकूम वरच्या बापाचा की घरच्या आजीचा, एवढंच नक्की नाही.

जेरुसलेमचे प्राध्यापक येशायाहू लायबोविट्झ (१९०३–१९९४) यांनी आजीला मुळीच जमेस धरलं नसतं. आज्ञा पाळायची ती देवाची सेवा म्हणून. आरोग्यासाठी, समाजासाठी, बरं वाटावं म्हणून पाळली तर ती सेवा देवाची नव्हे, स्वतःची. शास्त्रज्ञ माणूस, बोलणं करवतीसारखं. त्यांचं वाचताना मी मान डोलावतो आणि पुस्तक मिटलं की आजीच्या बाजूला जाऊन बसतो. एकतर तालमूदातच रब नावाचे रब्बी सांगून गेले आहेत, की हेतू शुद्ध नसला तरी करत राहावं, करता करता शुद्ध होतो. त्याहून धिटाईची गोष्ट जेरुसलेमच्या तालमूदात आहे. तिथे देव स्वतःच म्हणतो, की मला सोडलं तरी चाललं असतं, माझी शिकवण तेवढी पाळली असती तर! देवाच्या तोंडी असं वाक्य घालायला छाती लागते. आज इस्रायलात किप्पूरला हमरस्ते ओस पडतात आणि देव न मानणाऱ्यांचीही पोरं त्यावर सायकली पिटाळतात. यातलं काय देवाच्या खात्यावर मांडायचं, ते त्याचं तो बघेल.

कोकणातली ही माणसं पुढे इस्रायलला गेली, तेव्हा १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बी मंडळाने फर्मान काढलं, की यांच्या लग्नाआधी यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. लोक रस्त्यावर उतरले, निदर्शनं झाली, १९६४मध्ये फर्मान बदलावं लागलं. चौकशी काय, तर पणजी कोणाची, काडीमोड कसा झाला. मासळीची पाटी मात्र कोणी पुढे ठेवली नाही.

आणि यांचा मलिदा? पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं यांचं ताट भरायचं, एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं नाव घ्यायचं, बोललेला नवस फेडायचा. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाचे वण दाखवतात. इस्रायलला गेलेलीही तिथे नवस फेडायला येतात. हेतू म्हणाल तर काठोकाठ. पण सहाशे तेरा आज्ञांत मलिदा नाही. आणि रब्बी हनिनाचा हिशेब असा, की कोणी न सांगता करणाऱ्यापेक्षा सांगितलेलं करणारा थोर. म्हणजे का ते न कळता सोडलेली कोळंबी वरच्या नंबरात, आणि डोळे मिटून, जीव ओतून केलेला मलिदा तिच्या खाली. हा निकाल खंडाळ्याला जाऊन सांगायची माझी तरी तयारी नाही.