दोरावरून स्वर्ग

नवी मुंबईतल्या करावे गावात दोर न ओढलेला माणूस शोधून सापडायचा नाही. होडी चिखलातून वर घ्यायची, गणपतीचा मंडप ताणायचा, दहीहंडी चढवायची, सगळीकडे दोर. सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी सरकारदरबारी झालेली रस्सीखेच तर आमच्या घराला दोन पिढ्या पुरली. त्यामुळे दादूसने, म्हणजे माझ्या भावाने, क्राइस्टचर्चहून व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं, की या वेळी आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, आणि मला स्कीइंगला नेणार, आणि तिथे माणसांना दोराने डोंगरावर ओढून नेतात, तेव्हा आबांनी भाकरी मोडता मोडता विचारलं,

"वढतंय कोन?"

"इंजिन."

"मंग आपल्याला काम काय?"

काम काय ते तिथे गेल्यावर कळलं. माझे दंड आठवडाभर सांगत होते.

मुळात आमच्या घरात बर्फाचा उपयोग एकच, मासळीवर टाकणे. कुर्ल्याच्या मॉलमधल्या कृत्रिम बर्फात माझी मुलं फोटो काढून आली, तेव्हा पैसे देऊन बर्फात उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल आबांनी आपलं मत दिलं होतं. ते इथे छापता येणार नाही. त्यात महिना ऑगस्ट. न्यूझीलंडात तेव्हा ऐन हिवाळा. आपल्याकडे मात्र ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहतात, होड्या बाहेर पडतात. ऐन हंगामात गाव सोडून थंडीत कुडकुडायला जायचं हे वेळापत्रक आबांना मुळीच पटलं नव्हतं. आये गुडघ्यांचं निमित्त करून सुटली. आबा फक्त दादूसकडच्या नातवासाठी विमानात चढले.

क्राइस्टचर्चहून पश्चिमेकडे ७३ नंबरचा हमरस्ता निघतो. आधी सपाट कुरणं आणि मेंढ्या, मग पोर्टर्स पासचा चढ, मग कॅसल हिलचे चुनखडीचे प्रचंड धोंडे, आणि पुढे क्रेगीबर्नची डोंगररांग, वरपासून पांढरी. आबा काचेला नाक लावून बराच वेळ गप्प होते. वहिनीला वाटलं, भारावले.

"येवरा बरफ," शेवटी ते म्हणाले, "नि एक मासा नाय."

या डोंगरांत क्लबांची स्की मैदानं आहेत. ब्रोकन रिव्हर, क्रेगीबर्न व्हॅली, पलीकडच्या अंगाला माउंट ऑलिंपस. सिनेमात दिसतो तसला थाट इथे नाही. सभासदांनीच सुट्ट्यांमध्ये येऊन खांब रोवले, चाकं बसवली, इंजिनं लावली, राहायला लाकडी घरं बांधली, आणि अजूनही कारभार तेच बघतात. आर्थर्स पासजवळच्या टेंपल बेसिनला तर गाडी खाली ठेवून तासभर डोंगर चढावा लागतो. सामान तेवढं तारेवरून वर जातं, माणसं पायी. मला ही व्यवस्था फार आवडली. आपल्याकडे माणूस डोलीत आणि सामान हमालाच्या डोक्यावर.

आम्ही गेलो तो क्लब यांच्यासारखाच एक. शेवटच्या कच्च्या रस्त्यावर दादूस बर्फात उताणा पडून टायरांना साखळ्या बांधत होता आणि आबा वरून गाठ चुकल्याचं सांगत होते. साखळीला गाठ नसते हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

दोराने वर ओढायची ही कला शंभर वर्षांहून जुनी. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये शोलाख नावाच्या गावी रॉबर्ट विंटरहाल्डर या खानावळवाल्याने १९०८ साली पाणचक्कीच्या जोरावर फिरणारा दोर लावला आणि गिऱ्हाइकांची टेकडी चढायची दगदग वाचवली. खानावळवालाच तो, दमून आलेलं गिऱ्हाईक जास्त जेवतं हे त्याला कुणी कसं सांगितलं नाही कोण जाणे. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकला १९३४ च्या जानेवारीत एका शेतकऱ्याच्या टेकडीवर फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं इंजिन लावून दोर फिरवला. पुढे दोनच वर्षांत, १९३६ मध्ये, सन व्हॅलीला खुर्चीची लिफ्ट आली. ती काढणारा जेम्स करन रेल्वे कंपनीतला इंजिनिअर. जहाजात केळ्यांचे घड चढवणारी आकड्यांची साखळी त्याला ठाऊक होती. त्याने घड काढला आणि तिथे माणूस बसवला. म्हणजे आज स्वित्झर्लंडच्या डोंगरावर ऐटीत खुर्चीत बसून जाणारा पाहुणा मुळात केळ्यांच्या जागेवर बसलेला असतो.

न्यूझीलंडात कोरोनेट पीकचं मैदान १९४७ मध्ये सुरू झालं, तेही दोरावरच. तिथे पुढे खुर्च्या आल्या. क्लबांनी दोर सोडला नाही. एक इंजिन, काही खांब, काही चाकं, झालं. खुर्च्यांच्या मानाने खर्च किरकोळ, आणि मोडलं तर घरच्या घरी दुरुस्त. दादूसच्या मते खरं कारण वेगळंच आहे. दोराच्या भीतीने अर्धं जग इकडे फिरकतच नाही, त्यामुळे बर्फ सभासदांना मोकळा मिळतो.

शिकाऊ लोकांचा दोर बारीक, सावकाश चालणारा, नुसता हातात धरून जायचा. माझ्यापुढे हेल्मेट घातलेली चिल्लीपिल्ली रांगेत उभी होती. ती एकेक करून दोराला हात लावत आणि निघून जात. माझी पाळी आली. मी करावेची, दोर दिसला की आवळायचा हे रक्तातच. आवळला. हात निघून गेले, हातांमागून मी गेले, स्की जागेवर राहिल्या. मागची एक मुलगी मला वळसा घालून "सॉरी" म्हणत वर गेली. दोष तिचा नव्हता, पण त्या देशात रीतच तशी आहे.

धावता दोर एकदम पकडायचा नसतो. हातमोज्यातून आधी सरसर जाऊ द्यायचा, मग मूठ हळूहळू मिटत आणायची, म्हणजे दोराचा वेग अंगात उतरतो आणि आपण कधी निघालो ते कळत नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. करताना मूठ स्वतःच्या मनाने मिटते. त्यावर स्की दोराला समांतर ठेवायच्या, गुडघे सैल ठेवायचे, आणि मागे वळून आबा हसताहेत का ते बघायचं नाही.

मोठा दोर म्हणजे वेगळंच प्रकरण. तो कमरेच्या उंचीवरून खांबाखांबावरच्या चाकांवरून धावतो, आणि हाताने धरून राहण्याच्या वेगाने तर मुळीच नाही. त्यासाठी कमरेला रुंद पट्टा बांधतात. पट्ट्याला हातभर दोरी आणि दोरीच्या टोकाला अडकित्त्यासारखा लोखंडी चिमटा. नाव त्याचं नटक्रॅकर. हातमोज्यांवर आणखी एक जाड कातडी मोजा चढवतात, कारण उघडा मोजा दोर दोन फेऱ्यांत खाऊन टाकतो. मग एका हाताने दोर धरून वेग घ्यायचा, दुसऱ्या हाताने चिमटा दोरामागून फिरवून वरून मिटायचा आणि दांडे घट्ट धरायचे. पट्ट्याचा ताण बसला की चिमटा दोराला सोडत नाही. मग दोरावरचा हात काढून घ्यायचा, चाक यायच्या आत. चिमटा चाकावरून खडखडत जातो, बोटं जाऊ शकत नाहीत. हे "चाक यायच्या आत" दादूसने इतक्या वेळा सांगितलं, की मला चाक सोडून काही दिसेनासं झालं. वहिनीने माझी वेणी जॅकेटात कोंबली. गळ्यातला मफलर तिने गाडीतच काढून घेतला होता.

रायगडच्या रोपवेत माणूस फोटो काढतो, हिरकणीचा बुरूज कुठे दिसतो का बघतो, सोबतच्याच्या डब्यात हात घालतो. इथे बघण्यासारखं एकच, पुढचं चाक. ते गेलं की त्याच्या पुढचं. पाय आपले राहत नाहीत, पोट पट्ट्यात, दात ओठांवर. वर पोचून चिमटा सुटला तेव्हा मी इतकी दमले होते की खाली घसरत जाणं ही विश्रांती वाटली. स्कीइंग म्हणजे उतरणं असं लोक समजतात. दोरावर शिकणाऱ्याला विचारा.

या सगळ्या वेळात सत्तरीला टेकलेले आबा खाली इंजिनाच्या खोपटापाशी उभे होते. शिकवणाऱ्या पोरीने त्यांना स्कीची टोकं जवळ आणि टाचा लांब करून थांबायचं दाखवलं होतं. त्यांनी ते सभ्यपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा दोराकडे वळले. मग कातडी मोजा घातलेला हात पुढे केला, धावता दोर तळव्यावरून जाऊ दिला आणि डोळे मिटले. दोर बघणारा दाढीवाला पोरगा, त्याला तिथे टोई म्हणतात, घाबरून खोपटातून बाहेर आला. आबांनी दुसऱ्या हाताने त्याला थांबवलं. दोर पळत राहिला, आबा ढिम्म. बऱ्याच वेळाने त्यांचा चेहरा उजळला.

"सापरला!"

सांधा सापडला होता. गोल फिरणाऱ्या दोराला टोक नसतं, म्हणजे कुठेतरी दोन टोकं जोडलेली असणारच. गाठ मारली तर ती चाकात अडकणार. म्हणून दोन्ही टोकांचे पेड उलगडायचे आणि एकमेकांत लांबवर विणत न्यायचे, इतके, की जाडी वाढू नये. वाढतेच, पण इतकी बारीक, की ती ओळखायला तळवा लागतो. टोईने डोळे विस्फारले. दादूस दुभाष्याचं काम करायला पुढे झाला, पण त्याला कुणी विचारलंच नाही. टोईने खोपटातून दोराचा तुकडा आणला, आबांनी दातांनी त्याचे पेड सोडवले, आणि दोघं खाली मान घालून बसले. मधूनमधून आबा "हां" म्हणत, टोई "या" म्हणे. रांगेतले लोक आपापले दोरावर चढत होते.

त्यानंतर आबा स्वतः दोरावर गेले. मूठ सावकाश मिटली, चिमटा एका फटक्यात बसला, आणि आमचे तीर्थरूप ताठ उभे राहून वर निघून गेले. दादूसने मोबाइल काढेपर्यंत ठिपका झाले होते. आम्ही मागोमाग वर पोचलो तर ते बर्फावर निवांत बसलेले.

"आबा, आता खाली जायचं."

"वर आलू ना? मंग खाली कनाला जायाचा?"

याला स्कीइंगच्या पुस्तकात उत्तर नाही. पुन्हा वर येता येईल म्हणून, असं दादूस म्हणाला. हे मात्र आबांना पटलं. स्की हातात घेऊन, बूड टेकून, ते घसरत खाली गेले आणि पुन्हा दोराला लागले. मग दिवसभर तेच. उतरणं हा त्यांच्या लेखी दोराकडे परत जायचा रस्ता होता.

गाडीतळावर आलो तर आमच्या वायपरवर एक किआ बसलेला. हा तिथला डोंगरी पोपट, हिरवा, दणकट, आणि रबराचा शौकीन. कायद्याने संरक्षित, त्यामुळे हाड म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही. आमच्याकडे टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत फ्लेमिंगो येतात. एका पायावर उभे राहतात, कुणाच्या गाडीला चोच लावत नाहीत. आबांनी किआला निरखून पाहिलं. "आपला कावला बरा," एवढंच म्हणाले.

रात्री क्लबच्या घरातच मुक्काम होता. तिथे प्रत्येक पाहुण्याला काम वाटून देतात, वयाची सवलत नाही. मला बटाटे, दादूसला झाडू आणि आबांना भांडी. करावेत ज्यांनी पाण्याचा तांब्याही स्वतःच्या हाताने कधी विसळला नाही, त्यांनी बाह्या सरसावून पंधरा-वीस गोऱ्यांच्या ताटल्या घासल्या. वहिनीने त्याचा व्हिडिओ काढला आणि रेंज मिळताच आयेला पाठवला. तिने तो आळीतल्या सगळ्या बायकांना दाखवला असं नंतर कळलं. आबा म्हणतात, परदेशात रीत पाळावी लागते.

जेवण झाल्यावर टोई आबांना शोधत आला. उन्हाळ्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चात, सभासद जमतात आणि खांब, चाकं, दोर दुरुस्त करतात, तेव्हा तुमच्या वडिलांना आणता का, असं त्याने दादूसला विचारलं. कुठून आलात, हेही विचारलं. दादूसने आमच्या स्टेशनची पाटी फोनवर दाखवली, सीवूड्स-दारावे-करावे. तिसरं नाव आमचं, हे आबांनी बोट ठेवून सांगितलं.

"जेवान देतान काय?" आबांनी दादूसमार्फत चौकशी केली.

देतात म्हणे.

"शिमग्याच्या आधी ठेवा. शिमग्याला मी गाव सोरत नाय."

टोईने मान हलवली. शिमगा काय ते त्याने विचारलं नाही. उलट, एक दोर आता झिजलाय, बदलायला हवा, पण नवीन महाग पडतो आणि क्लबाकडे पैसा कमी, असं बरंच काही तो सांगत बसला. दादूस भाषांतर करून थकला. आबांनी ते ऐकून घेतलं, टेबलावर बोटांनी काही हिशेब केला आणि विचारलं,

"किती वाव हाय?"

मीटरचे वाव करायला दादूसला मोबाइल लागला. आकडा ऐकून आबांनी टोईच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्याला सांग, भाऊच्या धक्क्याला निम्म्यात मिलंल. पन रोख."