पाच भाषांचा पाहुणा

मला पाच भाषा येतात, असं माझं मत आहे. त्या भाषा बोलणाऱ्यांना मी कधी विचारलेलं नाही. मराठी घरची, हिंदी लोकलमधली, गुजराती शेजाऱ्यांची, तमिळ चेन्नईतल्या नोकरीपुरती आणि इंग्रजी साहेब समोर असेल तेव्हा. एवढ्या शिदोरीवर कुठल्याही देशातल्या भारतीयाला गप्पांत गुंडाळू, या खात्रीनं मी ऐन गणपतीत मॉरिशस गाठलं. तिथं गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि तीही मराठी माणसांमुळे, हे कळल्यापासून माझी छाती इतकी फुगली होती, की विमानातला पट्टा वाढवून घ्यावा लागला. (पट्ट्याचं खरं कारण बायकोनं शेजारच्या प्रवाशाला सांगितलं.)

अभ्यासही करून गेलो होतो. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. त्यांत मुंबईहून बोटीत चढलेले रत्नागिरीकडचे लोकही होते. त्यांच्या पणतवंडांच्या कानांवर एकदा तरी अस्सल मराठी पडावी, म्हणून मी 'सातासमुद्रापार मायबोली' या विषयावर भाषण पाठ केलं होतं.

वाकवामधल्या यजमानांनी दारातच हात जोडले. "आपले स्वागत आहे. कृपया आसन ग्रहण करावे." मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकलेला माणूस. एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. मी म्हणालो, "अहो, कशाला उगाच, टेकतो की इथंच कुठंतरी." त्यांनी नम्रपणे दोनदा विचारलं, मग पाणी आणून दिलं. माझी अस्सल मराठी तिथंच संपली.

पण घर माणसांनी भरलं होतं आणि माझ्याकडे अजून चार भाषा शिल्लक होत्या. शेजारचे तमिळ गृहस्थ कावडीच्या सणाला अनवाणी चालतात असं कळलं. त्यांच्यावर मी चेन्नईतली तमिळ सोडली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फ्रेंचमध्ये माफी मागितली. तेलुगू शेजारी उगादीची सुट्टी घेतात, तेलुगू घेत नाहीत. भोजपुरी आजीबाईंना माझी हिंदी कळली. त्यांनी नातीला बोलावून मला जेवायला वाढायला सांगितलं. मी गुजरातीकडे वळणार, तेवढ्यात कुणीतरी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही हिंदू की मराठी?"

मी घोळात पडलो. तिथल्या बोलण्यात हिंदी-भोजपुरीवाले ते हिंदू. तमिळ, तेलुगू आणि मराठी हे आपापले वेगळे. "दोन्ही," मी म्हणालो. सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं आणि थोड्या संशयानं पाहिलं.

आणि ही सगळी मंडळी आपसांत धो धो बोलत होती ती क्रेओलमध्ये. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिका-मादागास्करहून पकडून आणलेल्या गुलामांनी ही भाषा घडवली. आपले मजूर आले ते तिच्यातच मिसळले. देवघरात ज्याची त्याची भाषा आणि भांडायला, हसायला, उधारी मागायला क्रेओल. नोटेवर तमिळ आधी की हिंदी, यावरून १९९८ मध्ये तिथं एवढा गदारोळ झाला, की नव्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. तो गदारोळही क्रेओलमध्येच झाला असणार.

त्या खोलीत सगळ्यांना सगळ्यांचं कळत होतं. न कळणारा भारतीय एकच, आणि तो थेट भारतातून आलेला. तेव्हा मीही क्रेओल शिकायला घेतली. 'कोरेक' हा पहिला शब्द. ठीक, मजेत, चालेल, सगळं त्यात बसतं. एवढ्या सोयीच्या शब्दापुढे दुसरा शिकायची गरज वाटली नाही. कसे आहात? कोरेक. दालपुरीत मिरचीची चटणी घालू? बहुधा हेच विचारलं असावं, कारण 'कोरेक' म्हटल्यावर पुढची दहा मिनिटं मला कुठलीच भाषा येत नव्हती.

डोळे पुसून होतात न होतात, तोच एक काका हसत हसत काहीतरी म्हणाले. मी म्हणालो, कोरेक. टाळ्या पडल्या, माझ्या हातात तबक आलं आणि माझ्यामागे अख्खं घर उभं राहिलं. भारतातून आलेले पाहुणे आरती सांगणार होते.

पहिलं कडवं मी खणखणीत म्हटलं. दुसऱ्यात शब्द कमी पडले, तिथं झांजा वाढवायला सांगितल्या. गणपती संपून शंकराची आरती लागली, तशी मी ओठ हलवण्याची कला वापरली. घरच्या गर्दीत ती अनेक वर्षं खपली आहे. इथं पंचाईत अशी, की सगळे माझं ऐकून म्हणणार म्हणून थांबले होते. शेवटी यजमानांची शाळकरी मुलगी पुढं झाली. तिनं एकामागून एक आरत्या सगळ्या कडव्यांसकट, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून म्हटल्या. मागून तमिळ आणि तेलुगू शेजाऱ्यांनीही सूर धरला. तबक मात्र शेवटपर्यंत माझ्याच हातात होतं, एवढा मान त्यांनी राखला.

भाषणाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

प्रसाद घेताना तेलुगू शेजारी यजमानांना काहीतरी म्हणाले. यजमानांनी उत्तर दिलं आणि सगळे खळखळून हसले. मागं राहायला नको म्हणून मी सर्वांत मोठ्यानं हसलो आणि वर "कोरेक!" म्हणालो. मग हळूच यजमानांना विचारलं, काय म्हणाले हो ते?

यजमानांनी शब्द जुळवून सांगितलं, "ते विचारत होते, पाहुण्यांच्या देशात मराठी शिकण्याची सोय नाही काय? मी म्हटले, चिंता नको, मोका येथे आहे."